दोन उचगावं आणि एक चेतक

जगात उचगावं दोन आहेत, आणि कुरिअरवाल्यांच्या मते त्यांतलं खरं एकच. ते आमचं नव्हे.

पहिलं उचगाव कोल्हापूरला खेटून, करवीर तालुक्यात. हायवे जवळ, गांधीनगरचा कापडबाजार शेजारी, त्यामुळे तिथं पार्सल डोळे झाकून पोचतं. दुसरं आमचं. बेळगावहून वेंगुर्ला रोडनं निघालात की हिंडलगा, पुढं सुळगा आणि मग आमचा फाटा. मार्कंडेय नदी आहे, बासमती आहे, रताळी आहेत, मळेकरणी देवी आहे, मंगळवार-शुक्रवारी नवस फेडायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग आहे, वर्षातून एकदा साहित्य संमेलनही भरतं. एवढं सगळं असून मोबाइलवर ‘उचगाव’ टाकलं की नकाशा आधी कोल्हापूरकडं बोट दाखवतो.

त्यामुळे जूनमध्ये आलेलं माझं पार्सल आधी त्या उचगावात गेलं, चार दिवस पाहुणचार घेतला आणि मग आमच्याकडं आलं. पत्ता मी सांगितला होता, भरला नातवानं. पोरगं पुण्यात शिकतं. ‘राज्य’ हा रकाना आमच्या भागात १९५६ पासून जरा जपूनच भरला जातो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं सवयीनं ‘महाराष्ट्र’ ठोकलं. पिनकोड पाचानं सुरू होणारा, कर्नाटकातला, आणि राज्य महाराष्ट्र. यंत्राला काही हे कोडं सुटलं नाही. यंत्राला तरी नावं कशाला ठेवा, सीमावादाचं हेच कोडं सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे.

पार्सल कुणासाठी होतं ते आधी सांगतो. माझी चेतक १९८७ ची. तिचा नंबर लावला तेव्हा माझं लग्न ठरत होतं. ती दारात आली तेव्हा थोरला पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता. आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही. पैसे आपले, आणि गाडी द्यायची की नाही ते कंपनीनं ठरवायचं! पण तेव्हा तसंच होतं. मुलीच्या बापानं ‘मुलाच्या नावावर चेतकचं बुकिंग आहे’ हे ऐकलं की पुढची चौकशी थोडक्यात आटपायची. तर ही गाडी गेली अडतीस वर्षं सकाळी उजव्या अंगावर कलते, दोन किका खाते, तिसरीला खोकून सुरू होते. तिचा आणि माझा सकाळचा क्रम साधारण एकच आहे.

हल्ली तिचे पार्ट बेळगावात मिळेनात. दुकानदार ‘चेतक’ म्हटल्यावर आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग काउंटरखाली वाकून बघितल्यासारखं करतो आणि वर येऊन सांगतो, “स्टॉक बंद झाला ओ काका.” नातू म्हणाला, आजोबा, ऑनलाइन सगळं मिळतं. मग आम्ही मोबाइलवर ‘चेतक’ टाकलं. आली ती विजेवरची. बजाजनं जानेवारी २०२० मध्ये हे नाव पुन्हा बाजारात आणलं. त्या चेतकला प्लग नाही, कार्बेटर नाही, टू-टी ऑइल नाही, किक नाही. उजवीकडं कलवायचा तर प्रश्नच नाही. नाव मात्र तेच. कंपनीही तीच. म्हणजे ती काही डुप्लिकेट म्हणता येत नाही. माझी तर नाहीच नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती की ‘ओरिजिनल’ या शब्दाचं बेरिंग कुठंतरी ढिलं आहे.

बरंच खाली गेल्यावर आमच्या चेतकचे पार्ट दिसायला लागले. प्लॅटिन पॉइंटचा सेट सापडला. त्याखाली लिहिलं होतं : ‘१०० टक्के ओरिजिनल. ओल्ड स्टॉक. फ्रेश पीस.’ जुना आणि ताजा, दोन्ही एकदम! आमच्याकडं स्थळं बघताना पंचेचाळिशीच्या मुलाचं वर्णन असंच करतात. नातवानं समजावलं की जगभर याला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात. कंपनीनं पूर्वी केलेला, कुणी न वापरलेला, गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे नवा-जुना माल. कल्पना चांगली आहे. फक्त चेतकसारख्या गाडीच्या बाबतीत देशभरातली गोदामं पडून राहिलेल्या मालानं इतकी भरलेली दिसतात, की मग ऐंशीच्या दशकात आम्हाला हाच पॉइंट कशासाठी दोन-दोन महिने मिळत नव्हता, कळत नाही.

त्याखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. ‘खूप छान प्रॉडक्ट, अजून बसवला नाही.’ पाच तारे. ‘डिलिव्हरी बॉयचा स्वभाव चांगला.’ पाच तारे. ‘बाबांसाठी घेतला, बाबा खूश.’ पाच तारे. एकानं एकच तारा दिला होता. त्याला गाडीचा नव्हे, देवाजवळ लावायचा दिवा हवा होता, तो चुकून इथं आला होता. एकतीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत इन्स्पेक्शनला होतो. माल ओके की रिजेक्ट, हे सांगण्याचा मला पगार मिळत होता. ‘अजून बसवला नाही, पण छान आहे’ असा शेरा मी एकदा जरी मारला असता, तरी फोरमननं मला व्हर्नियरसकट गेटाबाहेर काढलं असतं.

तरी मी ऑर्डर दिली. भलतं धाडस निवृत्त माणसाला परवडतं. प्लॅटिन पॉइंट, ब्रेकचे लायनर आणि साडेतीन बाय दहाचा एक टायर. थोडी रक्कम कमी पडत होती आणि त्यामुळे डिलिव्हरीचे पैसे पडणार होते, म्हणून पुतण्याच्या बाइकच्या मागच्या चाकाचं एक बेरिंगही टाकलं. चाळीस रुपये वाचवायला एकशे ऐंशी रुपयांचं बेरिंग. हा हिशेब मी एकट्यानं केला, त्यात नातवाचा दोष नाही.

पार्सल उघडलं ते फाट्यावरच्या मेस्त्रीच्या गॅरेजात. तिथं दुपारी आमची बैठक असते : मेस्त्री, निवृत्त पोस्टमन (सगळे त्यांना पोस्टमामा म्हणतात), मी, आणि त्या दिवशी निपाणीहून आलेला माझा मेहुणा. मेहुणा तंबाखूच्या दलालीत मुरलेला.

आधी पॉइंटचं खोकं निघालं. पिवळट, कडा झिजलेल्या, एका बाजूला डाग. वर छापलेलं : ‘पॅकिंग मार्च १९८८’. मला भरून आलं. १९८८ च्या मार्चमध्ये माझी चेतक एक वर्षाचीही नव्हती! मी खोकं नाकाजवळ नेलं. कोठाराचा, उंदराचा, जुन्या कागदाचा वास यायला हवा. आला तो चहाचा.

“द्या इकडं,” पोस्टमामा म्हणाले. माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचलेत. चष्मा कपाळावरून खाली आला. “पिनकोड हाय. म्हंजे १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. त्याच्या आधी देशात पिनकोडच नव्हता.”

“म्हणजे बरोबर की! अठ्ठ्याऐंशी साल.”

“थांबा की ओ. खाली मोबाइल नंबर हाय. दहा आकडी.”

बैठक जरा पुढं सरकली. आपल्या देशात मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्याहून दिल्लीला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, पलीकडं केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखराम. आमच्या खोक्यानं सात वर्षं आधीच नंबर छापून ठेवला होता. मग मेस्त्रीनं किमतीवर बोट ठेवलं. किमतीपुढं रुपयाचं ते नवं चिन्ह, वर आडव्या दोन रेघा असलेलं. ते डी. उदय कुमार यांनी काढलं आणि सरकारनं १५ जुलै २०१० ला घेतलं. त्याखाली जीएसटीचा नंबर. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला! म्हणजे एकोणतीस वर्षांनी जन्माला येणाऱ्या कराचा नंबर या खोक्यावर आधीच बसलेला. आमच्या गावात एक जोतिषी होते, त्यांनाही इतकं पुढचं दिसत नसे.

आणि शेवटी पोस्टमामांनी पत्ता मोठ्यानं वाचला : ‘बेंगळुरू’.

यावर कुणी काही बोलायची गरज नव्हती. आमच्या भागात हे तारखेसकट पाठ असतं. १ नोव्हेंबर २०१४. त्या दिवशी कर्नाटक सरकारनं बारा शहरांची नावं बदलली, त्यात बंगलोरचं बेंगळुरू झालं आणि बेळगावचं बेळगावी. त्याआधी इंग्रजी सरकारी कागदावर ही नावं सहसा अशी नसत. तेव्हापासून जुन्या मालाचं वय ठरवायची आम्हाला एक घरगुती खूण मिळाली आहे. खोक्यावर इंग्रजीत ‘बेलगाम’ असेल तर २०१४ च्या आधीचं म्हणायला जागा आहे. ‘बेळगावी’ असेल तर नक्की नंतरचं. नामांतराचा असा उपयोग होईल असं ना तिकडच्यांना वाटलं होतं, ना इकडच्यांना.

खोक्याचं सोडा, माझंच बघा. मी जन्मलो १९५६ च्या मे महिन्यात, मुंबई राज्यात. सहा महिन्यांचा व्हायच्या आत पाळणा जागचा न हलता म्हैसूर राज्यात गेला. सतरा वर्षांचा असताना, १९७३ ला, म्हैसूरचं कर्नाटक झालं. रिटायर झालो त्या वर्षी जिल्ह्याचंही नाव पालटलं. आतला माल तोच, पॅकिंग चौथं. मला कुणी ऑनलाइन विकायला काढलं तर वर्णनात काय लिहितील? ‘ओल्ड स्टॉक’ तर नक्कीच. पुढच्या दोन शब्दांबद्दल घरात मतभेद आहेत.

पॉइंटचा निकाल लागला. मग मेहुण्यानं ब्रेकचा लायनर उचलला. निपाणीत तंबाखूचा भाव नुसता बघून ठरत नाही. पान बोटांत चुरायचं, वास घ्यायचा, पुन्हा चुरायचं, तोंड वाकडं करायचं, मग बोलायचं. तोंड वाकडं करणं भाव पाडण्यासाठी असतं, त्याचा मालाशी संबंध नसतो. मेहुण्यानं लायनर नखानं खरवडला. भुगा पडला. वास घेतला. आम्ही श्वास धरून बसलो.

“दाजी,” तो म्हणाला, “ह्यात पानाच्या मानानं कांडी जास्त हाय.”

मेस्त्री हसला नाही. त्यानं गंभीरपणे मान हलवली. लायनरमध्ये काय किती मिसळलंय हे बाहेरून कळत नाही; चांगला लायनर नखानं असा सांडत नाही, एवढं खरं. आणि ब्रेकच्या बाबतीत ‘लावून बघू’ म्हणायची सोय नसते. लावून बघणारा ज्या उतारावर बघतो, तिथून सांगायला येतोच असं नाही. लायनर बाजूला ठेवला.

आता माझी पाळी होती. बेरिंग मी कुणाला हात लावू दिलं नाही. खिशातून व्हर्नियर काढला. (हो, अजून खिशात असतो. बायको देवळात जातानाही काढून ठेवायला सांगते. तिला भीती, मी नारळ मोजीन.)

बेरिंगचा नंबर ६२०३. या नंबरातच माप असतं, ही गंमत बाहेरच्या माणसाला माहीत नसते. शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि पाचानं गुणायचं, की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०४ म्हणजे २०, ६२०५ म्हणजे २५. फक्त शून्य-शून्य ते शून्य-तीन ही चार भावंडं कुणाला जुमानत नाहीत. त्यांची मापं १०, १२, १५ आणि १७. उद्यमबागेत नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला ६२०३ विचारायचो. तो बिचारा तीन पाचे पंधरा सांगायचा आणि सगळ्या डिपार्टमेंटचा चहा त्याच्या नावावर पडायचा. तर मी मापलं. भोक १७. बाहेरून ४०. रुंदी १२. बरोब्बर! खोकंही झकास, छपाई सुरेख, चकचकीत गोल स्टिकर, कॅमेऱ्यासमोर धरायचा चौकोनी ठिपक्यांचा कोड. “हे ओके,” मी जाहीर केलं. इतक्या वर्षांनी तो शब्द उच्चारताना बरं वाटलं.

मेस्त्रीनं काही न बोलता कोपऱ्यातली कानस आणली. बेरिंगच्या कड्यावर एकदा फिरवली. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, नुसता चर्र आवाज येतो. ही चावली. कड्यावर पांढरा ओरखडा.

“माप बरोबर हाय काका,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “खोकं बी वरिजनल हाय. खरं, आत रताळं हाय.”

खोकं वरिजनल आणि आत रताळं, हे कसं? मेस्त्रीनं सांगितलं ते ऐकून माझी एकतीस वर्षं एकदम पोकळ वाजायला लागली. गॅरेजात खरा पार्ट लावला जातो, रिकामं खोकं कोपऱ्यात पडतं. संध्याकाळी भंगारवाला येतो. लोखंड किलोवर घेतो आणि खोकी नगावर. न फाटलेलं खोकं असेल तर जास्त. म्हणूनच जाणते लोक सांगतात, की नवा पार्ट लावला की खोकं तिथल्या तिथं फाडा आणि जुना पार्ट हातोडीनं ठेचून मग भंगारात द्या. नाहीतर तोच पार्ट घासूनपुसून, त्याच खोक्यात बसून, पाच तारे घेऊन परत येतो. पुनर्जन्मावर माझा विश्वास नव्हता. त्या दुपारी बसला.

इथं मला एक कबुली द्यावी लागेल. ‘ओरिजिनल’ या शब्दाची गंमत मला नवी नव्हती. गाडीवर ज्या कंपनीचं नाव असतं ती कंपनी गाडीचा प्रत्येक पार्ट स्वतः करत नाही. कुणी कास्टिंग ओततं, कुणी मशिनिंग करतं, कुणी रबर भरतं. उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडमधून पार्ट निघतो, मोठ्या कंपनीच्या खोक्यात बसतो आणि ‘जेन्युइन’ होतो. तसाच पार्ट करणाऱ्यानं स्वतःच्या नावाच्या खोक्यात घातला, की तो ‘लोकल’ होतो आणि किंमत बरीच उतरते. हे चोरीचं नव्हे, धंद्यातलं रीतसर आहे. चोरीचं ते, जिथं दुसऱ्याचं नाव लावतात. पण तुमच्या हातात खोक्याशिवाय दोन्ही पार्ट दिले, तर सांगता येईल? मला सांगता येत नसे, आणि मी इन्स्पेक्टर होतो.

आणि वरिजनल म्हणजे लोक काय समजतील, तेही सांगता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आमच्या बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढं १९०३ मध्ये इथंच लोखंडी नांगर तयार केला. मालात खोट नव्हती; पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासते, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणतात. वरिजनल नांगर म्हणजे लाकडी, बाकी सगळं डुप्लिकेट! तेव्हा ताऱ्यांची सोय असती, तर किर्लोस्करांच्या नांगराला एकही तारा मिळाला नसता आणि ‘अजून लावला नाही, पण जमीन नासते’ असा अभिप्राय पडला असता. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ते स्वतः १९१० ला सांगली-औंधच्या बाजूला निघून गेले आणि किर्लोस्करवाडी वसली.

राहता राहिला टायर. टायरवर सगळ्यांचा विश्वास होता, कारण त्याला खोकंच नव्हतं. काळाभोर, काटे तुकतुकीत, काट्यांवरच्या रबराच्या बारीक मिशा शाबूत. कंपनी नामांकित, माल नक्की तिचाच. मेस्त्रीनंही आधी मान डोलावली. मग त्यानं टायर उलटा केला आणि कडेला एका लंबगोल चौकटीत बोट फिरवलं. आंधळ्यानं अक्षरं वाचावीत तसं.

“दोन चार एक पाच.”

हे मात्र मला माहीत नव्हतं, आणि तुम्हालाही नसेल तर आजच्या आज आपापल्या गाडीपाशी जाऊन बसा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २००० सालापासून ही पद्धत आहे. त्याआधी तीनच आकडे असायचे, त्यामुळे दशक कुठलं ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आमचा टायर २४१५. म्हणजे २०१५ सालचा चोविसावा आठवडा, जूनच्या आठ ते चौदा तारखा. मृग नक्षत्र! धाकट्या नातीचा जन्म त्यानंतर दोन वर्षांचा. ती तिसरीत गेली, आणि हा अजून ‘फ्रेश’.

रबराचं तसं माणसासारखं असतं. वापरलं नाही म्हणून म्हातारपण टळत नाही. पडून पडून ते कडक होतं, वाकवलं की काट्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात. मेस्त्रीनं दोन्ही अंगठ्यांनी वाकवून दाखवल्या. वरून बघावं तर तारुण्य. “फोटोत ही बाजू नव्हतीच,” नातू फोनवरून म्हणाला. खरंच नव्हती. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतात, आणि विकणाऱ्यानं दुसऱ्या अंगाचे सहा फोटो टाकले होते. आमच्या वेळी मुलीचा फोटो असाच एका बाजूनं काढून आणायचे. पण तेव्हा निदान घरी जाऊन पोहे खायची सोय होती.

आता माल परत करायचा. नातवाला कायदे पाठ. ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यात दुसऱ्याचं नाव लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांत विक्रेत्याचं नाव-पत्ता द्यायलाच लागतो, वगैरे. मी म्हटलं, बाळा, तू आधी परत करायचं बटण दाब. त्यानं दाबलं. उत्तर आलं : परत करायची मुदत सात दिवस, आणि माल ‘डिलिव्हर’ होऊन आठ दिवस झाले. आठ कसे? कारण यंत्राच्या हिशेबी तो आमच्याकडं यायच्या चार दिवस आधीच, उचगावात, कुणीतरी सही करून घेतला होता. त्या उचगावात. तिथला तो सज्जन माणूस कोण, मला कधी कळलं नाही. त्यानं पार्सल उघडून बघितलं असणार, आणि बघून परत दिलं असणार. तोच आमच्यात खरा इन्स्पेक्टर.

मी गप्पांच्या चौकटीत लिहिलं की उचगावं दोन आहेत. तिकडून उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया आपलं उचगाव ओरिजिनल असल्याचा पुरावा अपलोड करा.’ अगदी असंच नव्हे. त्यांनी ‘पत्त्याचा पुरावा’ म्हटलं होतं. पण अर्थ तोच. आधारकार्डावर ‘बेळगावी’, रेशनकार्डावर कन्नड, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव. यातलं कुठलं पाठवू, या विचारात पुढची मुदतही गेली.

मग मी माळ्यावर चढलो. घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात वडिलांची पासबुकं, लग्नातला फेटा आणि चेतकबरोबर आलेल्या बारीकसारीक वस्तू. तिथं तळाशी सापडलं ते : एक प्लग, न वापरलेला, खोक्यासकट. खोक्यावर ‘मायको’. आता ते नावही दिसत नाही. बंगलोरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ ची. लोक मायको म्हणायचे आणि प्लग मागताना प्लग न म्हणता ‘मायको द्या’ म्हणायचे. २००८ ला तिचं नाव बॉश झालं. खोक्यावर दुकानाचा जांभळा शिक्का, खाली इंग्रजीत ‘बेलगाम’. मी उन्हात नेऊन वास घेतला. कागद, गंज, आणि एका उंदराची अंधुक आठवण. चहाचा मागमूस नाही.

नातू म्हणाला, आजोबा, असल्या पिसला लोक वेड्यासारखे पैसे देतात, विकायला टाकू या. मलाही मोह झाला. एकदा तरी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बसून बघावं. त्यानं फोटो काढले, सगळ्या अंगांनी, माझ्या हट्टानं. फोटोत माझा अंगठाही आला. वर्णन मी स्वतः सांगितलं : ‘१९८७. ट्रंकेत होता. बसवलेला नाही.’

दोन दिवसांत पहिलं गिऱ्हाईक आलं. कुठल्याशा शहरातला तरुण, जुन्या गाड्या जमवणारा. त्याचे प्रश्न एकापाठोपाठ एक आले. बारकोड का नाही? कोड स्कॅन करायला ठिपक्यांचा चौकोन का नाही? रुपयाचं चिन्ह का नाही, नुसतं ‘आरएस’ का? कंपनी तर बॉश आहे, मग हे मायको काय? वेबसाइट कुठं आहे? मी एकेकाचं उत्तर द्यायला लागलो. पहिल्यांदाच मला त्या ‘फ्रेश ओल्ड स्टॉक’वाल्याची थोडी दया आली; त्यानं हे सगळे प्रश्न आधीच ओळखून खोक्यावर उत्तरं छापून ठेवली होती. शेवटी त्या पोरानं शिक्क्याचा फोटो मोठा करून लाल गोल काढून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, निदान गावाचं नाव तरी बरोबर छापायचं. ते बेळगावी आहे. फेक.’

मी उत्तर लिहायला घेतलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सुरुवात केली, मग १९७३, मग १९५६. बरंच लांबलं. राज्यपुनर्रचनेच्या फाझल अली आयोगापर्यंत पोचलो तेव्हा बायकोनं जेवायला हाक मारली, आणि मी सगळं खोडून मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्लग घेऊन गॅरेजात गेलो. मेस्त्रीनं खोकं उघडून प्लग तळहातावर घेतला, फुंकर मारली, चकती आत सरकवून गॅप बघितली. काही न बोलता जुना काढून तो बसवला. गाडी उजवीकडं कलवली, सरळ केली, एक किक मारली. एकच! पोस्टमामा उठून उभे राहिले.

“किती झाले?” मी विचारलं.

“राहू दे की ओ काका. प्लग तुमचाच.” त्यानं हात पुसले आणि बाकावरचं रिकामं खोकं उचलून, कडा दुमडू नयेत अशा बेतानं, फळीवर ठेवलं.

“ते फाडायचं ना? तूच म्हणालास.”

“ह्ये?” मेस्त्री म्हणाला. “ह्ये कसं फाडायचं ओ? वरिजनल हाय.”